पाच दिवस आधीचा फ्लेक्स

कोल्हापुरात माणूस गेला की दोन गोष्टी ताबडतोब लागतात. एक तिरडी आणि दुसरा फ्लेक्स. तिरडीच्या सामानाला गल्लीतली चार माणसं धावतात, आणि पाचवा बाजूला जाऊन पिराजीला फोन लावतो.

मंगळवार पेठेतल्या एका बोळात पिराजीचं दुकान आहे. अख्ख्या गावाच्या पाट्या रंगवलेल्या या माणसाच्या स्वतःच्या दुकानावर पाटी नाही. कुणी विचारलंच तर म्हणतो, "वेळ कुठं हाय?" आणि खरंच नसतो. वाढदिवस, निवड, बारसं, उद्घाटन, आणि ज्याला कधीच वेळ नसतो ते मरण. माणूस पावणेदहाला गेला तर साडेदहाला चौकात त्याचा हसरा फोटो, खाली समई आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. चौकाचौकांत थट्टा चालायची, की पिराजीचा फ्लेक्स मयताच्या आधी पोचतो. पिराजी ही थट्टा ऐकून खूश व्हायचा. आपल्या धंद्याची तारीफच ही, असं त्याला वाटायचं. माणसाला कशाचा अभिमान वाटावा याला काही धरबंध नसतो, बघा.

मुळात पिराजी पेंटर. उद्यमनगरात एका म्हाताऱ्या पेंटरच्या हाताखाली ट्रकांच्या नंबरप्लेटा लिहीत तो शिकला. त्याचं देवनागरी अक्षर असं देखणं की लोक पाटी वाचायच्या आधी नुसती बघत राहायचे. पुढं फ्लेक्स आले, ब्रशचं काम बसलं, तेव्हा नाक मुरडत का होईना पण पिराजी कॉम्प्युटर शिकला. ब्रशांची पेटी मात्र त्यानं टाकली नाही, कपाटावर ठेवून दिली.

आणि हे सगळं सांगायचं ते संघर्षसाठी. संघर्ष आणि पिराजी महापालिकेच्या शाळेत एका बाकावर होते. पिराजी पाचवीत असताना त्याची आई गेली, आणि दुपारच्या सुट्टीत डबा नाही म्हणून हे पोर नळाचं पाणी पिऊन बसायला लागलं. ते संघर्षनं घरी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या डब्यात दोन भाकऱ्या जास्त यायला लागल्या. संघर्षची आई शालन, बालवाडीच्या बाई. बोलायला फटकळ, मनानं मायाळू, आणि शब्दाच्या बाबतीत भलतीच कडक. कुणी पोरगं ‘पाणि’ लिहिलं तर ती पाटी पुसायला लावायची. पिराजीचं अक्षर पहिल्यांदा कुणाला दिसलं असेल तर ते शालनमावशीला. "हाताला देणगी हाय तुझ्या," ती म्हणाली होती. आई गेल्यानंतर त्याच्याशी असं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. तेव्हापासून पिराजी निम्मा त्या घरचाच.

संघर्षचं डोकं गाण्यात. वडलांचं नाव गणपती, ते फौंड्रीत कामाला. त्यांनी पोराला जुनी गिटार आणून दिली आणि पुढं दोन वर्षं गल्लीनं त्यांना शिव्या दिल्या. कारण संघर्षचं गाणं म्हणजे गळ्याच्या शिरा ताणून, डोळे मिटून, वायरीची गिटार कराकरा वाजवत. शेजारचा म्हातारा दारात येऊन ओरडायचा, "आरं, गाणं म्हण की! आरडाओरडा कशाला करालायस?" संघर्षला ते आवडलं. बँडचं नावच त्यानं ‘आरडाओरडा’ ठेवलं.

पहिल्या कार्यक्रमाचं पोस्टर पिराजीनं हातानं रंगवलं. जयंतीच्या मांडवात होता तो कार्यक्रम.

"रॉक लिहू काय? रॉक म्हंजे दगुड न्हवं?" पिराजीनं विचारलं.

"दगुडच. डोस्क्यात बसला पायजे," संघर्ष म्हणाला.

आणि बसला की! आधी जयंती, मग गणपतीचे मांडव, पेठ वडगावची, मुरगूडची मैदानं, मग पुणं. मोबाईलवर तर कुठं कुठं गेला ते त्यालाही ठाऊक नसेल. पोरं रॉक म्हणून नाचायची आणि मधेच गप्प व्हायची, कारण शब्द आपल्या गल्लीतले. ‘नळाला पाणी न्हाय, डोळ्यात तेवढं हाय,’ असं तो ओरडला की मैदानातल्या बाया डोळे पुसायच्या. पदर लावून रॉक ऐकणाऱ्या बाया दुसरीकडं कुठं असतील तर दाखवा. पोरं त्याला ‘भाऊ’ म्हणायची. आणि प्रत्येक कार्यक्रमाचा फ्लेक्स पिराजीचा. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘पिराजी’ आणि मोबाईल नंबर.

मग वयाच्या अडतिसाव्या वर्षी संघर्षला रक्ताचा कॅन्सर निघाला.

आठ महिने चाललं. सुया, किमो, केस गेले, गळा गेला. पिराजी दर दोन दिवसांनी दवाखान्यात जायचा, पलंगाशेजारी स्टुलावर बसायचा, आणि दोघं शाळेतल्या मास्तरांच्या नकला करत शालनमावशीचा ओरडा खायचे. बाहेर पोरं नवस बोलत होती, रक्त द्यायला रांगा लागत होत्या. वाटत होतं, निघेल यातनं.

एका शुक्रवारी संध्याकाळी ताप चढला आणि संघर्षला आयसीयूत हलवलं. शनिवारी सकाळी कुठून कोण जाणे, एक निरोप सुटला. ‘भाऊ गेले.’ मोबाईलवरच्या निरोपाला ना आई ना बाप. दहा मिनिटांत तो इकडं पेठ वडगावात आणि तिकडं मुरगुडात.

पिराजीच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. त्यानं शालनमावशीला फोन लावला. घंटी वाजून वाजून थांबली. संघर्षच्या बहिणीला, निशाला लावला. बंद. पुन्हा मावशीला. उचलला नाही. पिराजी तिथंच खुर्चीत बसला आणि हमसून हमसून रडला. पंधरा वर्षांचा धंद्याचा अनुभव त्याला सांगत होता, की मयताच्या घरात फोन कुणी उचलत नाही.

अरे, पण आयसीयूत मोबाईल बंद ठेवायला सांगतात, हे काय कळत नव्हतं त्याला? कळत होतं. त्या घडीला सुचलं नाही. स्कूटरवर टांग मारून दहा मिनिटांत दवाखाना गाठता आला असता. तेही सुचलं नाही.

तेवढ्यात मुरगूडवरून कृष्णात नावाच्या माणसाचा फोन आला. तिथल्या चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. तोही रडत होता.

"पावणं, भाऊंचा फ्लेक्स पायजे. मोठ्यातला मोठा. दुसऱ्या कुणाकडनं आम्ही करणार न्हाय. तुम्ही भाऊंचं मैतर. आदी मोबाईलवर दाखवा, मग छापा."

पिराजीनं कॉम्प्युटर उघडला. श्रद्धांजलीची एक तयार फाईल त्याच्याकडं कायम असते. समई, गुलाब, वर काळी पट्टी, पट्टीवर ‘कै.’ आणि पुढं नाव. नवा माणूस गेला की जुनं नाव पुसायचं, नवं घालायचं, फोटो बदलायचा. ‘कै.’ला कुणी हात लावत नाही, ते कायमचंच. त्याच आठवड्यात कुणीतरी म्हातारे आबा गेले होते, त्यांचं नाव होतं तिथं. पिराजीनं ते पुसलं आणि संघर्षचं घातलं. त्याच्या हातून मित्राचं नाव टाईप होत होतं आणि डोळ्यांतून पाणी की-बोर्डवर पडत होतं. फोटो त्यानं स्वतः काढलेला निवडला. वडगावच्या मैदानातला, घामानं निथळलेला, तोंड उघडं, मान मागं. पिराजीच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम असेल ते. अर्ध्या तासात त्यानं चित्र कृष्णातला पाठवलं.

कृष्णातनं पाच मिनिटांत ते स्टेटसला ठेवलं. एवढ्या देखण्या फ्लेक्सवर अविश्वास कोण दाखवणार? निरोपावर ज्यांना शंका होती त्यांनीही मान खाली घातली. बारा वाजायच्या आत हातकणंगल्यात कुठल्याशा कॉलेजच्या पोरांनी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली.

साडेबाराला निशाचा फोन आला.

"पिरादा," ती म्हणाली, "दादा जित्ता हाय."

पिराजी खुर्चीतून उठून उभा राहिला.

"आई औषधाच्या रांगेत खाली गेलती. दहा मिनिटं. पुढच्या माणसाच्या मोबाईलवर तिनं तुमचा फ्लेक्स बघितला. तिला वाटलं, आपण खाली आलो आणि वर पोरगं गेलं. लिफ्ट येईना म्हणून जिन्यानं पळाली. दुसऱ्या मजल्यावर पडली. गुडघा फुटलाय." मग निशा म्हणाली, "खाली तुमचं नाव हुतं बारीक अक्षरात. आईनं ते बी वाचलंय. दुसऱ्या कुणाचा असता तर तिनं विश्वास ठेवला नसता, पिरादा."

फोन कट झाला.

पिराजीनं कृष्णातला ते चित्र स्टेटसवरनं काढून टाकायला लावलं. त्या भल्या माणसानं काढलंही, माफी मागितली. पण शेतातलं पाणी पाटानं निघून गेल्यावर मोटर बंद करून काय उपयोग! चित्र केव्हाच हजार हातांत गेलं होतं. खाली नंबर होता, त्यामुळं दिवसभर पिराजीला शिव्यांचे फोन आले. शिव्यांचं त्याला काही वाटलं नाही. कोल्हापुरात शिवी काय, हवाच असते. पण शालनमावशी जिना चढतेय, पडतेय, उठतेय, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. बायको संयोगिता ताट वाढून बसली आणि शेवटी तिनं ते तसंच झाकून ठेवलं.

रविवारी सकाळी फोन वाजला. नाव बघून पिराजीनं तो घाईनं कानाला लावला.

"हॅलो," पलीकडून चिरका, खोल गेलेला आवाज आला. "कै. संघर्ष बोलतोय."

पिराजी नुसता हुंदके देत राहिला.

"आयला, भ्यालास व्हय? भूत न्हाय लेका. नाकात नळ्या हैत, म्हणून आवाज तसा येतोय."

"संघ्या, माझं चुकलं रं. मी फोन लावलता, मावशीनं उचलला न्हाय..."

"चुकलंच की. ते कै. काय लावलायस माझ्या नावाला?"

पिराजीनं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

"कैलासात आमच्यातलं कोण हाय, येड्या? मी तिथं जाऊन कुणाच्या दारात बसू?" संघर्ष हसला आणि त्याला खोकला लागला. बराच वेळ खोकला चालला. "बाबांच्या येळंला बरुबर लिवलंतास. कालकथित गणपती. चांगल्या अक्षरात. आणि माझ्या येळंला काय धाड भरली? आईला त्याचाच राग जास्त आलाय बघ. मेलाबिला म्हटलं ते जाऊ दे, म्हणती, पण कै. लिवतोय माझ्या पोराला!"

खरंच होतं. बौद्धांच्या घरात कैलासवासी होत नाहीत, स्वर्गवासी होत नाहीत. तिथं गेलेल्या माणसाला कालकथित म्हणतात. गणपतीकाका गेले तेव्हा पिराजीनं तो शब्द शालनमावशीला विचारून, कागदावर लिहून घेऊन, मग टाईप केला होता. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याला ठाऊक होतं. पण तयार फाईल उघडली आणि हात सवयीनं चालला. आयुष्यभराच्या दोस्तालाही त्यानं गिऱ्हाईकासारखं चिकटवलं.

"फोटो मातर झ्याक हाय," संघर्ष म्हणाला. "त्यो ऱ्हाऊ दे. उद्या ये तू. बसून नीट करूया."

"असं बोलू नगं की रं."

"मग कवा बोलू? माझं मला कळतंय, पिऱ्या. रक्तात काय ऱ्हायलं न्हाय आता. आयसीयूतनं भाइर आणलंय त्ये डाक्टरनी आईकडं बघून आणलंय." थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "ये. बोलूया जरा. तू आलास की बरं वाटतंय. येतोस न्हवं?"

"येतो. उद्या येतोच."

आणि तो गेला नाही.

आता याला काय म्हणावं? सोमवारी तो निघाला होता. दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचलाही. समोरच्या टपरीपाशी शालनमावशी गुडघ्याला पट्टी बांधून, लंगडत, थर्मासमध्ये चहा भरून घेत होती. तिची पाठ होती त्याच्याकडं. केस विस्कटलेले, पदर कसाही. ती वळेल आणि आपल्याकडं बघेल, या भीतीनं पिराजीनं स्कूटर फिरवली. शाळेतलं पोर वर्गाच्या दारातून पळावं तसा पळाला, पंचेचाळीस किलोचं ओझं उचलणारा, चाळिशीला टेकलेला गडी. दुकानात येऊन मशीन पुसत बसला. संघर्षला निरोप धाडला, ‘मशीन बिघडलंय, उद्या येतो.’

मशीन चांगलं चालत होतं.

मंगळवारी संघर्षचा आवाजातला निरोप आला. "पिऱ्या, मशीन मेलं काय? त्याचा बी फ्लेक्स लाव. आज येतोस?" पिराजीनं तो चार वेळा ऐकला. उत्तर दिलं, ‘उद्या नक्की.’

बुधवारी संयोगिता कडाडली.

"अहो, जावा की! मावशी शिव्या देतील, दोन मुस्काडात देतील. खावा की. आईच्या हातच्या खाल्ल्या न्हाईत कधी, यांच्या तरी खावा!"

"कुठल्या तोंडानं जाऊ ग? त्या बाईनं मला जेवू घातलंय. त्या बाईला मी जिन्यात पाडली."

"मग असंच बसून ऱ्हाणार? त्यो तिकडं वाट बघतोय न्हवं?"

"उद्या जातो," पिराजी म्हणाला. "सकाळी उठून पहिलं तेच करतो."

त्या संध्याकाळी आणखी एक निरोप आला होता. त्यात बराच वेळ श्वासाची घरघर होती आणि शेवटी एकच शब्द. "उद्या?"

‘व्हय. सकाळी,’ असं पिराजीनं लिहून पाठवलं.

गुरुवारी सकाळी तो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, चपला पायात घालत होता. पावणेनऊ झाले होते. निशाचा फोन आला. तिच्या आवाजात रडणं नव्हतं, सगळं रडून झालेल्या माणसाचा आवाज होता तो.

"पिरादा," ती म्हणाली, "आता करा."

एवढंच. पिराजी चपलांपाशीच खाली बसला. संयोगिता धावत आली, पण तिला काही सांगावं लागलं नाही.

मग फोन सुरू झाले. गल्लीतून, सांगलीतून, पुण्यातून. पिराजीनं एकही घेतला नाही. अंत्यविधी दोन वाजता, पंचगंगेवर, एवढं कळलं. तो उठला. आधी त्यांच्या घरी जायचं, मावशीच्या पायावर डोकं ठेवायचं, मग जे होईल ते होऊ दे, असं ठरवून तो निघाला.

आणि मिरजकर तिकटीला त्याला पहिला फ्लेक्स दिसला.

वडगावच्या मैदानातला तोच फोटो. समई, गुलाब, काळी पट्टी. ‘कै. संघर्ष’. पिराजीनं फोन उचलले नाहीत म्हणून लोक काही थांबणार नव्हते. ते दुसऱ्यांकडं गेले, आणि दुसऱ्यांनी मोबाईलवर पाच दिवस फिरत असलेलं चित्र तसंच मोठं करून छापलं. पुढं बिंदू चौकात तोच. दसरा चौकात तोच, दुप्पट मोठा. जिथं जाल तिथं ‘कै.’, आणि प्रत्येकाच्या खाली बारीक अक्षरात ‘पिराजी’ आणि नंबर. मित्रानं एकच चूक सुधारायला बोलावलं होतं. ती चूक आता गावभर उभी होती.

तो उलटा फिरला. कपाटावरची ब्रशांची पेटी खाली काढली, काळ्या-पांढऱ्या रंगाचे डबे घेतले, शेजाऱ्याची शिडी स्कूटरला आडवी बांधली. त्याच रस्त्यानं अंत्ययात्रा जाणार होती. शालनमावशीनं पोराला नेताना तो शब्द पुन्हा बघायचा नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

काम सोपं नव्हतं. ‘कै.’ला जागा लागते दीड अक्षराची. ‘कालकथित’ त्यात बसतो कुठं? सगळी पट्टी काळ्यानं पुसायची, वाळायची वाट बघायची, आणि मग पहिल्यापासून लिहायचं. फ्लेक्स वाऱ्यानं फुगत होता, ब्रश निसटत होता. दसरा चौकात दोघा-तिघांनी त्याची शिडी धरून गदागदा हलवली.

"ए पावणं! भाऊच्या फ्लेक्सवर काळं फासतोस? हात मोडून ठेवू!"

"मीच केलाय ह्यो," पिराजी वरून म्हणाला. "चुकलंय माझं. लिवू द्या मला."

त्याचं तोंड बघून त्यांनी शिडी हलवायची थांबवली. मुरगूडहून टेम्पो घेऊन आलेला कृष्णात त्यांच्यात होता. त्यानं वर बघून विचारलं, "कसं लिवायचं असतंय, पावणं?" पिराजीनं सांगितलं. कृष्णातनं दोनदा तो शब्द पुटपुटला आणि मुरगूडला फोन लावून तिथला फ्लेक्स उतरवायला लावला.

बारा फ्लेक्स झाले. बाराव्याचा शेवटचा ‘त’ ओढून पिराजी शिडीवरून उतरला तेव्हा रस्त्यावरून माणसं परत येत होती. पांढऱ्या कपड्यांतली, मान खाली घातलेली, शेकड्यांनी. कुणाच्या हातात गिटार होती, तीही खाली मान घातल्यासारखी धरलेली. साडेतीन वाजून गेले होते. यात्रा नदीच्या वाटेनं कधीच निघून गेली होती, आणि पिराजी तेव्हा मागल्या चौकात एका पट्टीला काळा रंग देत होता.

पाच वाजता तो त्यांच्या घरी पोचला. हाताला कोपरापर्यंत रंग, इस्त्रीच्या शर्टावर डाग. आत बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती जळत होती. शालनमावशी भिंतीला टेकून, एक पाय लांब करून बसली होती. शेजारणी होत्या, त्या त्याला बघून उठल्या आणि बाहेर गेल्या. निशा उभी राहिली. पिराजी उंबऱ्यातच बसला.

"मावशी," तो म्हणाला, "सगळीकडं बदललं. बाराच्या बारा ठिकाणी. कालकथित लिवलं."

"बघितलं," शालन म्हणाली. "त्याला नेताना बघत गेले. रंग वला हुता. अक्षर चांगलं आलंय."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर पिराजीला सोसला असता.

"खांदा द्यायला तुझी जागा ठेवलती," ती म्हणाली. "फुडं, डाव्या बाजूला. भंतेजींना थांबवलं मी. म्हटलं, एक पोरगं यायचंय माझं. मग लोक म्हणालं, बाई, किती थांबायचं. तवा निशानं दिला."

पिराजीनं रंगाचे हात तोंडावर घेतले.

"चार दिवस, पिराजी. दार वाजलं की त्यो म्हणायचा, बघ ग आई, पिऱ्या आला काय. नर्स असायची. सलाईनवाला असायचा. मी म्हणायचे, न्हाय रं, झोप. म्हणायचा, येतो म्हणालाय, त्यो खोटं बोलत न्हाय. काल रात्रीपास्नं शुद्ध न्हवती, तरी दाराकडंच तोंड हुतं. मी वळवलं, त्यानं परत फिरवलं."

"मावशी, तुमच्या भ्यानं आलो न्हाय मी. सोमवारी फाटकापातूर आलतो. तुम्ही चहा घेत हुता. तुमचा गुडघा बघितला आणि..."

"माझ्या गुडघ्यासाठनं?" शालननं त्याच्याकडं बघितलं. ती बघतच राहिली, लहानपणी चुकलेल्या अक्षराकडं बघायची तशी. "आरं, मी फाटकात तुझीच वाट बघत उभी ऱ्हायलेले. चहाचं निमित्त हुतं. तू आलास की तुला वर न्यायला."

बाहेर गल्लीत कुणीतरी मोबाईलवर संघर्षचं गाणं लावलं होतं, ते कुणीतरी दटावून बंद करायला लावलं.

"मला माफ करा, मावशी," पिराजी म्हणाला. "एवढं माफ करा मला."

शालननं मान हलवली.

"ते माझ्याकडं कुठं हाय रं," ती म्हणाली. "ते त्यानं आयतवारीच करून टाकलंतं. तुला नुसतं यायचं हुतं, न्यायला."

निशानं पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढं ठेवला, आणि तो हातात घेऊन पिराजी तसाच उंबऱ्यात बसून राहिला.